लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रायफलचं काडतूस निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल्क, मूस, लाल हरीण, कुडू अशा मोठ्या, खूर असलेल्या प्राण्यांची शिकार जिथे कायद्याने आणि परवान्यावर चालते, तिथे जाणाऱ्यांसाठी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. काडतूस म्हणजे पुंगळी, तिच्यातली दारू आणि टोकाची गोळी असा पूर्ण संच. त्याच्या नावावर वाद खूप होतात, पण सावज पडतं ते गोळीच्या बांधणीमुळे आणि ती कुठे लागली त्यामुळे. गोळी कोणती, अंतर किती आणि तुमचा खांदा किती धक्का सोसतो, हे ठरवा. मग समोर दोन-तीनच काडतुसं उरतात आणि त्यातलं कुठलंही चालतं.

लांब पल्ला म्हणजे नेमका किती मीटरपासून?

रायफल २०० मीटरवर शून्य केलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेमाच्या जागीच गोळी लागेल अशी जुळवलेली असेल, तर आजची बहुतेक काडतुसं २५० मीटरपर्यंत छातीवर सरळ नेम धरून चालतात. त्यापुढे गोळी किती खाली येईल आणि वारा तिला किती वाहून नेईल, हे दोन हिशेब मांडावे लागतात. माझ्या लेखी ३०० मीटरच्या पुढे लांब पल्ला सुरू होतो आणि ५०० च्या पुढे फार थोड्यांनी जावं.

एक उदाहरण घेऊ. ६.५ क्रीडमूर या काडतुसाची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), म्हणजे ९.३ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. बाजूने ताशी १६ किलोमीटर वारा असेल तर २७५ मीटरवर ती साधारण १३ सेंटिमीटर वाहते आणि ४५५ मीटरवर साधारण ३८. अंतर पावणेदोन पटही झालं नाही, पण वाहणं जवळपास तिप्पट झालं.

आता त्या ४५५ मीटरचा वेळ बघा. गोळी तिथे पोचायला ०.६४ सेकंद घेते. हरीण चरत आडवं उभं आहे, तुम्ही खांद्यामागे नेम धरून चाप ओढला आणि त्याच क्षणी त्याने पुढचा खूर उचलला. एक पाऊल पुढे पडेपर्यंत अंग पाऊण मीटर सरकतं. खांद्यामागे लागायची गोळी पोटात शिरते. ७ मिमी पीआरसीसारखं वेगवान काडतूस घेतलं तरी हाच वेळ ०.५६ सेकंदांवर येतो, त्याहून खाली नाही. चालत्या सावजावर लांबून गोळी टाकू नये, ते याच कारणासाठी.

आधी काडतूस ठरवायचं की गोळी?

गोळी. शिकारीच्या गोळीला दोन कामं असतात. हवेत वेग टिकवायचा आणि अंगात शिरल्यावर फुलायचं. फुलण्यासाठी एक किमान वेग लागतो. साध्या शिशाच्या गाभ्याच्या बहुतेक गोळ्यांना तो सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास हवा असतो. अखंड तांब्याच्या गोळ्यांना बरेचदा ६०० च्या आसपास. लांब पल्ल्यासाठी मुद्दाम मऊ टोकाच्या केलेल्या काही गोळ्या त्याहून बऱ्याच कमी वेगातही उघडतात. हा आकडा गोळी बनवणारे जाहीर करतात, तो वाचल्याशिवाय गोळी विकत घेऊ नका.

वर सांगितलेली क्रीडमूरची गोळी ४५५ मीटरवर सेकंदाला सुमारे ६२० मीटरवर आलेली असते. शिशाच्या गोळीला हे पुरेसं आहे. तांब्याची असेल तर ती सीमेवर आली. त्या अंतरापुढे तांब्याची गोळी न फुलता सुईसारखी आरपार जाते. सावज तासन्‌तास चालत राहतं आणि सापडत नाही. म्हणून गोळीचा किमान वेग घ्या, तुमच्या काडतुसाचा, कुठल्या अंतरावर किती वेग ते सांगणारा तक्ता उघडा आणि गोळी कुठल्या अंतरावर त्या वेगाखाली जाते ते शोधा. त्या काडतुसाचा शिकारीचा पल्ला तिथेच संपतो. पुठ्ठ्यावर ते हजार मीटरवरही भोकं पाडेल, पण तो वेगळा खेळ आहे.

बीसी म्हणजे काय?

बॅलिस्टिक कोएफिशंट. गोळी हवेला किती सहज कापते याचा आकडा. जितका मोठा तितका वेग जास्त टिकतो आणि वारा कमी नडतो. लांब, सडपातळ, व्यासाच्या मानाने जड गोळीचा बीसी चांगला असतो. .३०८ विंचेस्टरमधली १५० ग्रेनची नेहमीची शिकारी गोळी त्याच १६ किलोमीटरच्या वाऱ्यात ४५५ मीटरवर ५० सेंटिमीटरच्या पुढे वाहते. नळीतून ती क्रीडमूरच्या गोळीपेक्षा वेगात निघते, तरीही. ७ मिमी पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी २७-२८ सेंटिमीटरवर थांबते. एकच खबरदारी घ्या. हे आकडे जी१ आणि जी७ अशा दोन मापांत छापतात. एकाच गोळीचा जी७ आकडा जी१ च्या निम्म्याच्या आसपास असतो. तुलना करताना दोन्हीकडे एकच माप असू द्या.

ऊर्जा किती लागते? हरणाला हजार, एल्कला दीड हजार फूट-पाउंड असं ऐकलंय.

म्हणजे साधारण १,३५० आणि २,००० ज्यूल. हा अनुभवातून आलेला अंदाज आहे, शरीरशास्त्राचा नियम नाही. फुप्फुसातून गेलेली, नीट फुललेली गोळी यापेक्षा कमी ऊर्जेतही काम करते आणि पोटात लागलेली गोळी दुप्पट ऊर्जेने आली तरी करत नाही. तरीही मी हा अंदाज पाळतो. चुकीला थोडी जागा राहते म्हणून.

६.५ क्रीडमूर एल्कला पुरतं का?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. हॉर्नडी या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने हे काडतूस २००७ मध्ये आणलं ते निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी. धक्का कमी, नेम अचूक, म्हणून शिकाऱ्यांनीही उचललं. विरोधक म्हणतात, एवढीशी गोळी एवढ्या जनावराला कशी पुरेल? त्यांनी स्कँडिनेव्हियाकडे बघावं. तिथे ६.५×५५ या एकोणिसाव्या शतकातल्या काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारलेत. पण कसे, तेही बघावं. जड, लांब गोळी आणि बेताचं अंतर.

क्रीडमूरची ती १४३ ग्रेनची गोळी साधारण ३६५ मीटरवर २,००० ज्यूलवर येते. माझं उत्तर असं : एल्क आडवा उभा असेल, वारा मंद असेल आणि अंतर ३०० मीटरच्या आत असेल, तर पुरतं. तिरका उभा असेल, म्हणजे गोळीला खांद्याचं हाड आणि वीतभर मांस फोडून आत जायचं असेल, तर थांबा. ४०० मीटरच्या पुढे मोठ्या एल्कसाठी ते निवडू नये. ज्यांना ६.५ मिमीच हवी त्यांनी ६.५ पीआरसी बघावं. २०१८ साली आलेलं हे काडतूस तीच गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटरने फेकतं.

मग ७ मिमी घ्यावं की .३००?

निव्वळ लांब पल्ल्याच्या मोठ्या शिकारीसाठी रायफल घ्यायची असेल, तर माझा कौल ७ मिमीकडे आहे. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ पासून आहे आणि आजही उत्तम आहे. ७ मिमी पीआरसी २०२२ मध्ये आलं. त्याची १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला ९१४ मीटरने निघते आणि ४५५ मीटरवर सुमारे ३,००० ज्यूल बाळगून असते. एल्क, मूस, कुडू सगळं त्यात येतं. नेहमीच्या लांब अ‍ॅक्शनच्या (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा) रायफलीत ते बसतं आणि धक्का .३०० पेक्षा कमी असतो.

.३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चं. २०० ग्रेनची गोळी ८७० मीटरच्या आसपास. मोठं भोक, जड गोळी, जगात बहुतेक ठिकाणी मिळणारं काडतूस. त्याची मान आखूड आहे, त्यामुळे आजच्या फार लांब गोळ्या पुंगळीत खोलवर बसवाव्या लागतात आणि दारूची जागा खातात. .३०० पीआरसी ही अडचण सोडवतं, पण ते ९४ मिलिमीटर लांब आहे आणि त्याला मोठं मॅगझिन, म्हणजे काडतुसं ठेवायचा कप्पा लागतो. मूस किंवा मोठा अस्वल नेहमीचं सावज असेल आणि खांदा तयार असेल, तर .३०० घ्या. नसेल तर ७ मिमीने काहीही अडत नाही.

.३०-०६ आणि .२७० आता कालबाह्य झाली का?

नाही. .३०-०६ अमेरिकी लष्करासाठी १९०६ मध्ये आलं. त्याचीच पुंगळी आवळून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर झालं. ३५० मीटरपर्यंत या दोघांनी न होणारं काम नव्या काडतुसांनीही फारसं होत नाही. कपाटात यातली रायफल असेल, तिच्यावर तुमचा हात बसलेला असेल, तर नवी रायफल घेण्याचे पैसे गोळ्यांवर आणि सरावावर घाला. .३०८ चंही तसंच, फक्त पल्ला थोडा आवरता घ्यायचा.

जेवढं मोठं तेवढं चांगलं, मग थेट .३३८ लापुआ का नको?

कारण ते खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा असतो. हे काडतूस लष्करी लांब नेमबाजीसाठी घडवलं गेलं. सहा किलोच्या आसपासची रायफल, क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त दारू, महाग गोळ्या. सराव कमी होतो आणि नेम बिघडतो. पाचशे मीटरच्या आत त्याची गरज असलेलं हरीण मला माहीत नाही.

धक्क्याचा एवढा बाऊ का करतात?

कारण धक्क्याची भीती नेम बिघडवते आणि ते नेमबाजाच्या लक्षातही येत नाही. साडेतीन किलोच्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का साधारण १८ ज्यूल असतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा त्याच वजनात ४५ च्या आसपास. अडीच पट.

तपासून बघायची पद्धत सोपी आहे. मैदानावर सोबत्याला तुमची रायफल भरायला सांगा. मधूनच त्याने खऱ्या काडतुसाऐवजी सरावाचं निर्जीव काडतूस घालावं, तुम्हाला न सांगता. चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला की रायफलीच्या टोकाकडे बघा. टोक जागेवर असेल तर ठीक. टोक खाली गेलं, डोळा मिटला किंवा खांदा पुढे आला, तर तुम्ही गोळी सुटायच्या आधीच धक्क्याला तोंड देताय. शंभर मीटरवर ही चूक दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि चालून जाते. चारशेवर तेवढीच चूक चौपट होते.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचा छिद्रांचा तुकडा, लावला की धक्का बराच उतरतो, पण आवाज मागे आणि बाजूंना फेकला जातो. रायफलचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या आसपास असतो. कानांवर संरक्षण नसताना ब्रेक लावलेली रायफल चालवू नका आणि शेजारी बसलेल्या माणसाचे कानही विसरू नका. सायलेन्सर जिथे कायदेशीर आहे तिथे तो जास्त चांगला.

नळीचा पीळ बघावा लागतो का?

हो, आणि बरेच जण इथेच फसतात. पीळ म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या, नळीच्या आतल्या वळणदार खाचा. लांब गोळी स्थिर फिरायला पीळ घट्ट हवा. जुन्या .२७० नळ्यांमध्ये दर १० इंचांना एक फेरा असतो. त्यातून आजच्या १७० ग्रेनच्या लांब गोळ्या डगमगत जातात. म्हणून २०२१ मध्ये आलेल्या ६.८ वेस्टर्नला, व्यास .२७० चाच ठेवूनही, बराच घट्ट पीळ दिला. ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी पीआरसीत सहसा दर ८ इंचांना एक फेरा असतो. जुनी रायफल वापरणार असाल तर आधी तिचा पीळ बघा, मग गोळी.

तांब्याची गोळी की शिशाची?

तांब्याची गोळी तुटत नाही, खोल जाते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलच्या गोळ्यांतही शिसं बंद केलं. तेव्हा बऱ्याच जणांना हा पर्याय उरलेलाच नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, तिला घट्ट पीळ लागतो आणि फुलायला वेगही जास्त लागतो. म्हणून तांबं वापरायचं तर वजनाने एक पायरी खाली या, वेग वाढवा आणि पल्ला कमी धरा. तीनशे मीटरच्या आत मी स्वतः तांब्यालाच पसंती देतो.

खोक्यावर छापलेला वेग खरा मानायचा का?

तुमच्या रायफलीपुरता नाही. तो बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. नळी इंचाने आखूड झाली की वेग सेकंदाला साधारण ६ ते ९ मीटरने उतरतो. डोंगरासाठी २० इंची हलकी रायफल घेतली असेल, तर २५ ते ३५ मीटर वेग गेला म्हणून समजा. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावून स्वतः मोजा. थंडीतही मोजा, कारण काही दारू गारठ्यात मंदावते.

उंचावर काही बदलतं का?

बदलतं, आणि तुमच्या फायद्याचं. अडीच हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त विरळ असते. गोळी कमी पडते, कमी वाहते. खाली बनवलेला तक्ता वर वापरलात तर गोळी वरून जाईल. खरा त्रास डोंगरातल्या वाऱ्याचा. तुमच्या पायाजवळचं गवत निपचित असतं आणि मधल्या दरीत झाडांचे शेंडे झुकलेले असतात. गोळीला त्या दरीवरूनच जायचं असतं. दुर्बिणीतून आधी मधला टप्पा न्याहाळा.

.२७० ची गोळी ७ मिमीत चालेल का? व्यास जवळपास सारखाच आहे.

मुळीच नाही. .२७० च्या गोळीचा व्यास .२७७ इंच, ७ मिमीचा .२८४. ६.५ पीआरसी आणि ६.५ क्रीडमूरमध्ये गोळी एकाच व्यासाची, पण पुंगळ्या वेगळ्या. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, बसलं आणि उडालं तर रायफल फुटू शकते, डोळे आणि हात जाऊ शकतात. नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. दोन रायफली बरोबर असतील तर त्यांची काडतुसं एका खिशात ठेवू नका.

कायद्यात काडतुसाबद्दल अटी असतात का?

बहुतेक ठिकाणी असतात आणि प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या. जर्मनीत मोठ्या शिकारीला किमान ६.५ मिमी व्यास आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल लागतात. स्वीडनमध्ये मूससाठी ९ ते १० ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २,७०० ज्यूल, आणि १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० पुरतात. जड गोळीला दिलेली ही सवलत अनुभवातून आलेली आहे. कॉलोराडोत किमान .२४ व्यास लागतो आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची, फुलणारी गोळी. जाण्याआधी त्या वर्षीची नियमावली वाचा.

परदेशी शिकारीला जाताना कोणतं न्यावं?

विमानात साधारणपणे माणशी ५ किलो काडतुसांचीच मुभा असते आणि सामान हरवतं. दूरच्या गावातल्या दुकानात .३०८, .३०-०६, ७ मिमी रेमिंग्टन किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम मिळायची शक्यता असते. नवं नावाजलेलं काडतूस मिळेलच असं नाही.

मग मी किती अंतरावर थांबावं?

पाठपिशवीवर रायफल टेकवून, बसून, दम लागलेला असताना, थंड नळीतून पहिलीच गोळी २० सेंटिमीटरच्या गोलात ज्या अंतरापर्यंत हमखास जाते, तिथे. बाकावरच्या वाळूच्या पिशव्यांवरून मिळालेले गट, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या भोकांचे घोळके, इथे मोजू नका. मैदानी बैठकीतून तुमचा गट दोन मिनिटांच्या कोनात (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) बसत असेल, तर ४०० मीटरवर तो २३ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे वारा आणि अंतराची चूक धरायच्या आधीच हरणाची छाती भरून गेली. अंतरही लेझरनेच मोजा. ४५५ मीटरवर अंदाज २५ मीटरने चुकला तर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर वर किंवा खाली जाते.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या अमेरिकी शिकाऱ्यांच्या संस्थेने अतिलांबून गोळी घालण्याला जाहीर विरोध केला आहे. प्राण्याला आपले कान, नाक, डोळे वापरून धोका ओळखायची संधीच उरत नाही, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. शंभर मीटर जवळ जाता येत असेल तर जावं.

गोळी लागली की नाही हेच कळलं नाही, तर?

लांबून हे वरचेवर होतं आणि काडतूस निवडतानाच याचा विचार हवा. जी गोळी आत फुलून पलीकडून बाहेर पडते ती दोन भोकं पाडते आणि रक्ताचा माग सोडते. धक्का कमी असलेल्या रायफलीत दुर्बिणीतून सावज दिसत राहतं, लागल्याची प्रतिक्रिया दिसते. जोरदार धक्क्यात ते दृश्यच निसटतं.

चाप ओढल्यावर लगेच दुसरं काडतूस चेंबरमध्ये घ्या आणि बघत राहा. सावज दिसेनासं झालं तर जागेवरून हलायच्या आधी ते उभं होतं तिथली खूण पक्की करा. एखादा खडक, वठलेलं झाड, काहीही. चारशे मीटर चालून गेल्यावर तीच जागा ओळखू येत नाही. सोबती असेल तर त्याला गोळी मारल्या जागी दुर्बीण घेऊन बसवा आणि त्याच्या हाताच्या खुणांवर पुढे जा. तिथे केस, रक्त, हाडाचा तुकडा शोधा. लाल, फेसाळ रक्त फुप्फुसाचं, सावज जवळच पडलेलं असतं. काळपट रक्त यकृताचं, थोडा वेळ द्या. रक्तात हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटात आहे. तिथेच थांबा, काही तास जाऊ द्या, कारण लगेच मागे लागलात तर ते उठून मैलभर जाईल. काहीच सापडलं नाही तरी गोळी हुकली असं धरून परत फिरू नका. सावज गेलं त्या दिशेने किमान दोनशे मीटर वाकून, पानन्‌पान बघत जा आणि उजेड असेपर्यंत शोधत राहा.